ऑक्टाव्हिया आरएसचं बॉटम कोल्हापूरला उद्यमनगरात बांधून घेतलं, ३,००० किमी नंतरचा रिव्ह्यू

बॉटम म्हणजे इंजिनाचा खालचा भाग: ब्लॉक, क्रँक, रॉड, पिस्टन. ते बांधून इंजिन बसवून पाच महिने झाले, पण मुद्दाम थांबलो होतो. नवीन इंजिन घरी आलं की आठवडाभर सगळंच भारी वाटतं आणि त्या भरात लिहिलेल्या रिव्ह्यूचा कुणाला उपयोग होत नाही. आता ३,००० किमी झाले, त्यात मद्रासच्या ट्रॅकवर एक पूर्ण दिवस झाला, तीन वेळा तेल बदललं, तर आता लिहितो.

गाडी २००५ ची ऑक्टाव्हिया आरएस, १.८ टर्बो, २० व्हॉल्व्ह. कंपनीतून १५० पीएस आणि २१० न्यूटन-मीटर. ज्यांच्याकडे आहे त्यांना माहितीये की हे इंजिन किती दणकट आहे, ब्लॉक बिडाचा, क्रँक (पिस्टनची वर-खाली हालचाल फिरकीत बदलणारा दांडा) कंपनीतूनच घडीव पोलादाची, पिस्टनला खालून तेल मारणारे जेट. कच्चा दुवा एकच, कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा. स्टॉक टर्बोवर ट्यून केलं तर रॉड वर्षानुवर्षं चालतात पण मोठा टर्बो लावून टॉर्क साधारण ३५० ते ४०० च्या घरात नेला की रॉडचा भरवसा राहात नाही. मला हे माहीत होतं. तरी एका गॅरेजने (नाव नको, शहर पण नको) मला सांगितलं की बॉटमला हात लावायची गरज नाही, जीटी२८ साईझचा टर्बो बसवू, नकाशा (इंजिनाच्या कॉम्प्युटरमधलं ट्यूनिंग) जरा सांभाळून करू. डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) ३८० न्यूटन-मीटर आले, मी खूष. सात महिन्यांनी एकदा हायवेला चुकून साधं पेट्रोल भरलं गेलं, घाटात पाचव्या गिअरमध्येच दाबली, एक बारीक टक् टक् ऐकू आलं आणि त्यानंतर गाडी आयडलला थरथरायला लागली ती लागलीच.

कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) काढलं तर तीन सिलिंडर १२ बारच्या आसपास आणि तिसरा साडेदहा. त्याच गॅरेजचं म्हणणं रिंग गेली असणार, हेड काढून रिंगा टाकू, चाळीस हजार. मला ते पटलं नाही, कारण धूर अजिबात नव्हता आणि तेल पण खात नव्हती. तेव्हा सांगलीचा एक मित्र, जो रॅलीच्या गाड्या सांभाळतो, म्हणाला की इंजिन उतरव आणि कोल्हापूरला इंजिनं बांधणाऱ्या अण्णांकडे टाक, आणि अण्णा जे सांगतील ते कर.

दुकानाचं नाव मी इथं टाकत नाहीये कारण अण्णांनीच नको म्हणून सांगितलंय. ते स्वतः आणि दोन पोरं एवढाच कारभार आहे, महिन्याला दोन-तीन परफॉर्मन्स इंजिनं घेतात, बाकी वेळ ट्रॅक्टर आणि ऑइल इंजिनाचं क्रँकचं काम. ज्यांना खरंच गरज आहे त्यांनी मला मेसेज करा, नंबर देईन. शिवाजी उद्यमनगरात आहे एवढं सांगतो. तिथल्या गल्ल्या ज्यांनी बघितल्यात त्यांना सांगायला नको, एका गल्लीत ओतकाम, दुसऱ्या गल्लीत पॅटर्न, तिसरीत ग्राइंडिंग, एखादा नट पाहिजे तसा बनवून दहा मिनिटांत हातात मिळतो.

तर पहिला दिवस. इंजिन टेम्पोतून उतरवलं, हेड आधीच काढलेलं होतं. मी बोलायला सुरुवात केली की कुठले रॉड घ्यायचे, कुठला पिस्टन, मी सगळी यादी करून आणली होती. अण्णांनी यादी घेतली, घडी केली, खिशात ठेवली आणि म्हणाले, "आधी मोजू, मग बोलू." मॅग्नेटिक बेसवर डायल लावला, सुई पिस्टनच्या डोक्यावर, आणि क्रँक हाताने हळूहळू फिरवत एकेक पिस्टन वरच्या टोकाला आणला. पहिला, दुसरा, चौथा, तिन्ही जवळपास सारखे. तिसऱ्याला सुई वर आली आणि आधीच थांबली. ०.८ मिमी खाली. अण्णांनी परत एकदा फिरवून खात्री केली, मग मला जवळ बोलावून दाखवलं. "रॉड वाकलाय बघ भावा. रिंगा न्हाय काय न्हाय. मोडला असता तर ब्लॉकच फोडून भाईर आला असता." मग पिस्टन काढून दाखवला, स्कर्टवर एका बाजूला वर आणि समोरच्या बाजूला खाली असा तिरका चकचकीत घासल्याचा डाग होता, म्हणजे पिस्टन सात महिने नाही पण त्या दिवसापासून तिरकाच पळत होता. ०.८ मिमी म्हणजे काहीच नाही वाटतं, पण तेवढ्यानेच कॉम्प्रेशन रेशो साडेनऊवरून नऊच्या खाली येतं, हिशोब करून बघा.

हे निदान फुकट केलं, पंधरा मिनिटांत. चाळीस हजाराच्या रिंगा टाकून मी तोच वाकडा रॉड परत आत घातला असता. या एका गोष्टीसाठीच मी हा रिव्ह्यू लिहायला घेतला होता खरं तर.

आता रॉड का वाकतो आणि का तुटतो ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हे मला अण्णांनी जसं समजावलं तसं आधी कुणी समजावलं नव्हतं. वाकतो तो बूस्टने, म्हणजे टर्बोच्या दाबाने. ८१ मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास) म्हणजे पिस्टनचं क्षेत्रफळ साडेएक्कावन्न चौरस सेंटीमीटर, सिलिंडरमध्ये १०० बार प्रेशर धरलं तर रॉडच्या डोक्यावर पाच टनांच्या वर भार येतो. आणि हा भार कमी आरपीएमला जास्त घातक, कारण जास्त आरपीएमला पिस्टनची स्वतःची ओढ वरच्या दिशेने असते, ती त्यातला थोडा भार खाते. पाचव्या गिअरमध्ये चढाला ३,००० आरपीएमला पूर्ण दाबलं तर ती मदत जवळपास नाहीच, वरून हलक्या पेट्रोलने नॉकिंग, म्हणजे प्रेशर एकदम उसळी मारतं. माझ्या बाबतीत अगदी हेच झालं. तुटतो तो मात्र आरपीएमने. पिस्टन, पिन, रिंगा आणि रॉडचा वरचा भाग मिळून साधारण अर्धा किलो वजन, ७,००० आरपीएमला वरच्या टोकाला ते अर्धा किलो दीड टनाने रॉडला ओढतं, आणि एक्झॉस्टच्या स्ट्रोकला वरून दाबायला काहीच नसतं त्यामुळे सगळी ओढ रॉडच्या दोन बोल्टांवर. ६,००० चे ७,००० केले तर ओढ ३६ टक्क्यांनी वाढते, कारण ती आरपीएमच्या वर्गाने वाढते. म्हणून नुसता जाड रॉड टाकून भागत नाही, बोल्ट तेवढाच महत्त्वाचा.

सामान: ४३४० पोलादाचे एच-बीम फोर्ज्ड रॉड, एआरपी कंपनीच्या २००० धातूचे बोल्ट, फोर्ज्ड पिस्टन ८१.५ मिमी, ट्रायमेटल (तीन थरांचं) बेअरिंग, एआरपीचे मेन स्टड (क्रँकला ब्लॉकमध्ये धरणाऱ्या मेन कॅपचे). रॉड आणि पिस्टन अमेरिकेतून मागवावे लागले, कस्टम धरून दोन्ही मिळून एक लाख चौदा हजार. मुंढव्याला भारत फोर्ज कित्येक वर्षं क्रँक घडवून जगभर पाठवतंय आणि मला चार रॉडसाठी अमेरिकेवरून पार्सलची वाट बघत बसावं लागतं याचं मला मनापासून वाईट वाटतं, कुणीतरी हे पुण्यात नाहीतर कोल्हापुरात सुरू करावं, गिऱ्हाईक आहे. अजून एक, १.८ टीमध्ये पिस्टनची पिन १९ मिमीची पण येते आणि २० ची पण, त्यामुळे रॉड मागवायच्या आधी स्वतःच्या इंजिनातली पिन व्हर्नियरने मोजा, वर्षावरून अंदाज लावू नका.

आता खरं काम. मला आधी वाटायचं की भारी पार्ट घेतले म्हणजे बॉटम भक्कम झालं. अण्णांचं काम बघून कळलं की पार्ट हे अर्धंच आहे. तेच रॉड, तेच पिस्टन चुकीच्या मापात बसवले तर स्टॉकपेक्षा लवकर जातात.

मेन स्टडचंच घ्या. स्टॉकला मेन कॅपचे बोल्ट ६५ न्यूटन-मीटर आणि वर पाव फेरा असे ताणून बसतात, ते एकदाच वापरायचे असतात. (माझ्या इंजिनात आधी कुणीतरी जुनेच परत लावले होते, त्याच्या आट्यांवरून अण्णांनी ओळखलं.) त्याजागी स्टड लावले की कॅपवरचा दाब बदलतो, कॅप किंचित वेगळा बसतो आणि मेन बोअर गोल राहात नाही. म्हणजे स्टड लावून परत बोअर मोजला नाही तर भक्कम करायच्या नादात बेअरिंगच खाल्लं जातं. अण्णांनी स्टड लावून, कॅप कसून, पाचही मेन बोअर मोजले, तिसरा आणि चौथा थोडे अंडाकृती निघाले, मग लाईन होनिंग (घासून सगळे बोअर एका रेषेत गोल करणं) करून सरळ केले. हे काम कित्येक लोक करतच नाहीत, नुसते स्टड टाकले की बिलात "बॉटम स्ट्राँग" म्हणून लिहितात.

क्रँक क्रॅक टेस्टला लावली, चुंबकीय पावडर टाकून, स्वच्छ निघाली. घासायची गरज पडली नाही, फक्त पॉलिश. मग क्लिअरन्स. मेन जर्नल (क्रँकची बेअरिंगमध्ये फिरणारी जागा) ५४ मिमी, रॉड जर्नल ४७.८, जुना हिशोब असा की व्यासाच्या हजाराव्या भागाएवढी फट, म्हणजे मेनला साधारण ०.०५४ आणि रॉडला ०.०४८. अण्णांनी दोन्ही किंचित मोकळे ठेवले कारण ट्रॅकवर तेल तापतं. आणि हे प्लास्टिगेजने (फट मोजायला दाबून बघायच्या प्लास्टिकच्या धाग्याने) नाही मोजलं, बेअरिंग बसवून कॅप कसून आतून बोअर गेजने आणि बाहेरून मायक्रोमीटरने, प्रत्येक आकडा वहीत. एका रॉडचं बेअरिंग बाकीच्यांपेक्षा १० मायक्रॉन घट्ट आलं तर ते बाजूला ठेवून दुसऱ्या सेटमधलं घातलं. १० मायक्रॉनसाठी. मी बाजूला उभा होतो, मला वाटलं एवढं चालेल, पण अण्णा बोलले नाहीत, नुसतं बेअरिंग काढून परत डबीत ठेवलं.

होनिंगच्या वेळी मी मुद्दाम रजा काढून गेलो होतो. ब्लॉकवर जाड प्लेट बसवली, हेड गॅस्केटसकट, हेडचे बोल्ट जेवढे कसतात तेवढेच कसले, आणि मग होनिंग. आधी प्लेट न लावता बोअर मोजून दाखवला आणि प्लेट लावल्यावर परत, चार बोल्टांच्या जवळ १५-२० मायक्रॉनचा फरक. म्हणजे प्लेटशिवाय होनिंग केलं तर टेबलावर बोअर गोल आणि हेड बसवल्यावर चौकोनाकडे झुकलेला. पिस्टन २६१८ मिश्रधातूचे, त्यात सिलिकॉन फार कमी म्हणून ते तापल्यावर जास्त फुगतात, त्यांना फट ०.०८ मिमी ठेवली. वरच्या रिंगची गॅप ०.४५, एकेक रिंग हाताने घासून, बोअरमध्ये घालून, फीलर गेजने. ही गॅप टर्बोला कमी ठेवली तर तापल्यावर रिंगची टोकं एकमेकांना भिडतात आणि पिस्टनची कड तोडतात.

मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट रॉड बोल्टची. टॉर्क रेंच बाजूला ठेवला. प्रत्येक बोल्टची लांबी सैल असताना मायक्रोमीटरसारख्या गेजने मोजली, मग कसत कसत कंपनीने कागदावर दिलेला ताण येईपर्यंत नेला. बोल्ट म्हणजे स्प्रिंग आहे, तो किती ताणला गेला त्यावर त्याची पकड, आणि टॉर्क रेंच ते नीट सांगत नाही कारण बहुतेक बळ घर्षणातच जातं, तेल कुठलं लावलं त्यावर आकडा बदलतो. आठ बोल्ट, प्रत्येकाची आधीची आणि नंतरची लांबी मला कागदावर लिहून दिली. पुढं कधी इंजिन उघडलं तर परत मोजायचं, एखादा बोल्ट लांब राहिला असेल तर तो टाकून द्यायचा. तो कागद मी आरसी बुकाच्या पाकिटात ठेवलाय.

रॉड आणि पिस्टन वजनाला जुळवले, एक ग्रॅमच्या आत, रॉडची दोन्ही टोकं वेगवेगळी. बॅलन्सिंग मात्र त्यांच्याकडे होत नाही, बाहेर दुसऱ्याकडे पाठवतात, चार सिलिंडरच्या क्रँकला खोटी वजनं बांधावी लागत नाहीत त्यामुळे ते काम सोपं आणि तीन-साडेतीन हजारात झालं. तेलाच्या पंपाची चेन, टेन्शनर नवीन, पिकअपची (पंप तेल ओढतो त्या नळीची) जाळी काढून बघितली तर अर्धी काळ्या गाळाने बंद होती. १.८ टी वाल्यांनो, बॉटमला हात लावा किंवा नका लावू, ऑइल पॅन उतरवून ती जाळी एकदा बघाच. जगातले सगळ्यात भारी रॉड बेअरिंगला तेल नसेल तर एक मिनिट टिकत नाहीत.

आता तक्रारी, कारण आहेत.

वेळ. सहा आठवडे सांगितले होते, साडेचार महिने लागले. त्यात महिनाभर पार्सल कस्टममध्ये अडकलं ते सोडून द्या, तरी उरलेला उशीर त्यांचाच. ऊस गाळपाचा हंगाम सुरू झाला की शेतकऱ्यांची इंजिनं आधी, आपली नंतर, आणि हे ते तोंडावर सांगतात. "त्याचं पोट हाय त्याच्यावर, तुझा छंद हाय." मला राग आला होता पण उत्तर देता आलं नाही. फोन उचलत नाहीत, दुपारी दोन ते तीन सोडून कधीच नाही. व्हॉट्सॲपवर फोटो वगैरे काही येत नाही, काम बघायचं असेल तर जावं लागतं, चिंचवडवरून मी पाच फेऱ्या मारल्या. बिल हाताने लिहिलेलं मिळालं, जीएसटीचं पाहिजे असेल तर आधीच बोलून घ्या.

पैसे: मशीनिंग आणि जोडणीचे त्यांनी ४६,००० घेतले. सामान धरून सगळं मिळून २ लाख १८ हजार गेले, हेडचं काम आणि ट्यूनिंग वेगळं. स्वस्त नाही. पण ४६ हजारात जेवढं मोजमाप झालं ते बघता मला हा आकडा कमीच वाटतो, आणि हे मी त्यांना पण सांगितलं.

गाडी आता कशी आहे? सकाळी थंड असताना पहिली दोन-तीन मिनिटं खडखड येते, फोर्ज्ड पिस्टन आहेत, फट मोकळी आहे, तापले की बंद. ज्यांना डिझेलसारखा आवाज नको त्यांनी ४०३२ चे पिस्टन घ्यावेत, त्यात सिलिकॉन जास्त असतं, फट कमी ठेवता येते. रनिंग-इनला साधं मिनरल तेल, पहिलं ५० किमीला काढलं, मग ५०० ला, मग १,५०० ला, दर वेळी फिल्टर कापून घड्या उलगडून उन्हात धरून बघितल्या, पहिल्यात बारीक चमक होती, तिसऱ्यात काहीच नाही. तेल तापल्यावर २,००० आरपीएमला प्रेशर ३.४ बार. ट्यून करताना मी स्वतःच सांगितलं की ३,५०० च्या खाली बूस्ट हळू येऊ दे, रॉड सहन करतील म्हणून मुद्दाम दाबायचं नाही. आता ४१० न्यूटन-मीटर आहे, १०० ऑक्टेन पुण्यात मिळतं तेव्हा तेच, प्रवासात असलो तर कमी बूस्टचा दुसरा नकाशा.

मद्रासला २० मिनिटांची पाच सेशन केली. ३.७ किमीचा ट्रॅक, लांब वळणावर तेल एका बाजूला जातं म्हणून माझी नजर सतत प्रेशरच्या काट्यावर, एकदाही पडला नाही. परत येऊन कॉम्प्रेशन काढलं, चारही सिलिंडर अर्ध्या बारच्या आत.

कुणी जावं: ज्यांना इंजिनातून खरंच जास्त टॉर्क काढायचाय आणि गाडी पाच-सहा महिने उभी राहिली तरी चालते. रोज ऑफिसला तीच गाडी लागत असेल तर जाऊ नका, भांडण होईल. आणि जाताना नुसता ब्लॉक नेऊ नका, क्रँकसोबत फ्लायव्हील, क्लचची प्रेशर प्लेट आणि पुढची पुली पण न्या, बॅलन्सिंगला सगळं एकत्र लागतं, माझी पुली घरी राहिली होती आणि तेवढ्यासाठी एक फेरी जास्त झाली. दुपारी दोनला फोन करा.